पेटीतलं मुंडकं कुठल्या पिक्चरमधलं? जुन्या भयपटातला सीन कसा शोधावा

लग्नघरी रात्री बाराच्या पुढं गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो कुठला रे पिक्चर, ज्यात ते..." आणि सगळी मुंडकी माझ्याकडं वळतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ लायब्ररीत मी तीन वर्षं काउंटरवर बसलोय, त्यामुळं हे माझंच काम असा घरच्यांचा समज आहे. "गुगलवर टाक की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की "पांढरी साडी, हवेली, भूत" एवढ्या मालावर निम्मे जुने हिंदी भयपट सापडतात. यूट्यूबवरच्या क्लिपांची नावं तर बऱ्याचदा अपलोड करणाऱ्यानं मनानंच ठेवलेली असतात.

सांगणाऱ्याचं बोलणं लिहून घ्या

जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत. मध्ये दुरुस्ती करू नका.

पिक्चरबद्दल विचारणं थांबवा

इथं मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंगळवार पेठेतली माझी मावशी कितीतरी वर्षं एक सीन सांगायची. "एका पेटीत मुंडकं हुतं बघ. काळा-पांढरा पिक्चर. आणि एक बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरत हुती." काळा-पांढरा म्हटल्यावर मी पन्नास-साठच्या दशकात घुसलो. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' आणि 'कोहरा' (दोन्ही १९६४) असे एकेक करून सगळे बघितले. मुंडकं कुठंच नाही. शेवटी मावशीला स्वप्न पडलं असणार, असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

एकदा सहज विचारलं, "मावशी, बघितलंस कुठं पण?" तर म्हणाली, "गणपतीत. शेजारच्यांनी व्हीसीआर आणला हुता भाड्यानं." टीव्ही कुठला? शटरचा, लाकडी. म्हणजे पिक्चर रंगीत, टीव्ही काळा-पांढरा! दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं, पण आपल्या गल्ल्यांतले जुने संच पुढं कैक वर्षं चालले. व्हीसीआर आला म्हणजे ऐंशीचं दशक, आणि ऐंशीच्या दशकात पेटीतलं मुंडकं म्हटलं की 'पुराना मंदिर' (१९८४). त्यातल्या सामरी राक्षसाचं मुंडकं पेटीत आणि धड देवळाकडं पुरलेलं. ही कॅसेट मी स्वतःच्या हातानं शंभरदा रिवाइंड केली असेल, पण "काळा-पांढरा" या एका शब्दानं माझी वाट चुकवली.

तेव्हापासून मी पिक्चरबद्दल काहीच विचारत नाही. कुठं बसून बघितलं? टॉकीज, मंडळाचा पडदा, व्हिडिओ की केबल? शेजारी कोण होतं? लाइट गेली होती का? माणूस पिक्चर विसरतो, पण आपण कुणाच्या मागं लपलो होतो ते विसरत नाही.

उत्तरं आली की तीन गोष्टींवर संशय घ्या. पहिली रंग, त्याचं कारण वर आलंच. दुसरी म्हणजे "पिक्चर" हा शब्द. १९९३ पासून झी टीव्हीवर भयपट काढणाऱ्या रामसे मंडळींचा 'झी हॉरर शो' लागायचा. तेव्हा शाळेत असलेली माणसं आज त्यातला भाग पिक्चर म्हणून सांगतात आणि तुम्ही जन्मभर पिक्चर शोधत बसता. तिसरी भाषा. वकील नवरा, वारलेली बायको आणि कोर्टात उभी राहून "मीच ती" म्हणणारी बाई, ही गोष्ट मराठीत 'पाठलाग' (१९६४) आणि तिच्यावरूनच केलेल्या हिंदी 'मेरा साया' (१९६६) मध्ये आहे. यात मात्र रंग कामाला येतो. टॉकीजमध्ये रंगीत बघितला असेल तर तो 'मेरा साया'.

आणि कृपा करून तुम्ही नावं सुचवू नका. "मधुबाला होती का?" असं एकदा विचारलंत, की पुढच्या वेळेपासून त्या आठवणीत मधुबाला कायमची राहायला येते.

काळ ठरवा

क्लिप हातात असेल तर भुताकडं बघू नका, मागच्या वस्तू बघा. मारुती ८०० दिसली तर १९८३ च्या आधीचा पिक्चर नाही. गाडीच्या पाटीवर एमएच आणि त्याला लागून दोन आकडे (एमएच-०९ असे) दिसले तर १९८९ च्या अलीकडचा. सुरुवातीचं सेन्सॉरचं सर्टिफिकेट शाबूत असेल आणि त्यावर यूए असेल, तर तेही १९८३ नंतरचंच, कारण त्याआधी नुसते यू आणि ए असायचे.

गाणं आठवत असेल तर सोन्याहून पिवळं. मराठीत "काजळरातीनं" एवढं कुणी गुणगुणलं तरी पुरे, तो 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६).

चेहऱ्यावर मात्र जाऊ नका. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवालच 'बंद दरवाजा' (१९९०) मध्ये नेवला झालाय. तो उंच, लांब चेहऱ्याचा गडी दिसला की लोक बिनधास्त 'पुराना मंदिर' म्हणून मोकळे होतात.

सीन सापडत नसेल तर लांबी मोजा

पिक्चर बरोबर, पण सीनच नाही, असंही होतं. सर्टिफिकेटवर लांबी दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते (फुटात असेल तर ९० फूट). म्हणजे ४००० मीटरचा पिक्चर १४६ मिनिटांचा. तुमच्याकडची प्रत १२५ मिनिटांची असेल तर कात्री लागलीय. १४० भरली तर गप्प बसा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्याकडचा टीव्ही नि व्हिडिओ २५ नं, म्हणून तेवढा फरक पडतोच. ह्या सहा मिनिटांसाठी मी एका गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडलोय, आणि चूक माझी होती.

मग गप्पा

"लई भारी सीन" म्हणजे चर्चा नव्हे. आधी आवाज बंद करून एकदा बघा, मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. भीती कशात आहे ते तिथंच कळतं. 'वह कौन थी'ची सुरुवात घ्या. पाऊस, रात्र, गाडीत मनोजकुमार, शेजारी पांढऱ्या साडीतली साधना. वायपर बंद पडतात, त्याला रस्ता दिसत नाही, तिला दिसतो. रक्त नाही, राक्षस नाही, सगळी भीती त्या काचेत आहे. ह्यावर तासभर बोलता येतं. "शेवट असा होतो" असं मध्येच सांगणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

खात्री करताना

ज्यानं सीन सांगितला त्यालाच दाखवायचा, आणि त्यानं बघितला होता तसाच. मी मावशीला 'पुराना मंदिर' लावून दिला, तर पाच मिनिटांत म्हणाली, "हे न्हवं. ह्यात रंग हाय." मग सेटिंगमध्ये जाऊन रंग शून्यावर नेला आणि खोलीतली ट्यूब बंद केली. पेटी आली तशी मावशीनं न बोलता दोन्ही पाय कॉटवर घेतले.

"ह्योच," म्हणाली. "आता ती मेणबत्तीवाली बाई येती बघ."

पिक्चर संपला, बाई काही आली नाही. ती दुसऱ्याच कुठल्यातरी पिक्चरमधली. मावशी म्हणते, ती बघितली तेव्हा बाहेर पाऊस होता आणि कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा उकडल्या होत्या. सध्या मी तेवढ्यावर आहे.