ट्रिगर पॉइंट शिकताय? आधी या चुका टाळा

माझा हात तालमीत तयार झाला. कोल्हापुरात शाळेत असताना जोर-बैठका मारून झाल्या की आम्ही पोरं थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचो. त्या हाताला एकच गोष्ट कळत होती, ती म्हणजे ताकद. पुढे पुण्यात मालिशचा व्यवसाय सुरू केला तेव्हाही ‘हात जड आहे’ हीच माझी ओळख होती आणि लोक त्यासाठीच यायचे. मग दुखण्यावर नेमकं काम करावं म्हणून ट्रिगर पॉइंटचं तंत्र शिकायला घेतलं. ट्रिगर पॉइंट म्हणजे स्नायूतली अशी कडक, दुखरी जागा, जी दाबली की कळ बऱ्याचदा दुसरीकडेच उठते. पहिले सहा महिने तंत्र नवं होतं, हात मात्र जुनाच. त्या काळात झालेल्या आणि आता शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या हातून होताना दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय. नवं तंत्र शिकताना बोटांपेक्षा कान जास्त लागतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

दुखतं तिथेच दाबत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

एक शिंपीमास्तर माझ्याकडे यायचे. उजवा खांदा पुढच्या बाजूने, अगदी आत दुखायचा. मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ यायची, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. मी तीन वेळा खांद्याची पुढची बाजू मळली. त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले की पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांना पालथं झोपवलं आणि खांद्याच्या पात्यावर, मधल्या हाडाच्या कडेच्या खाली, अंगठा आडवा फिरवला. ताणलेल्या सुतळीसारखी एक पट्टी लागली. तिच्यावर थांबलो तसे ते चटकन म्हणाले, “दादा, हीच ती कळ. पुढून दुखतंय, पण तुम्ही मागे दाबताय ना?” हाच त्या तंत्राचा गाभा. स्नायू इन्फ्रास्पायनॅटस, तो मागे आणि त्याची कळ पुढे.

हे काही कुणाच्या मनातलं नाही. 1938 साली केलग्रेन नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये माणसांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचून पाहिलं होतं. टोचलं एकीकडे आणि दुखलं भलतीकडेच. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आणि नंतर त्यांच्यासोबत डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशे तयार केले. याच ट्रॅव्हेल 1961 साली अध्यक्ष केनेडी यांच्या काळात व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या.

रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडणारे नकाशे असे: मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या मांसातून, म्हणजे वरच्या ट्रॅपेझियसमधून, कळ मानेच्या कडेने कानशिलापर्यंत चढते. मानेच्या बाजूचे स्केलीन दंडातून खाली अंगठ्यापर्यंत आणि मागे पात्याच्या आतल्या कडेला दुखवतात. कुल्ल्यातला ग्लुटिअस मिनिमस पायाच्या बाहेरच्या बाजूने अशी कळ पाठवतो की माणूस सायटिका समजून घाबरतो. पोटरीतला सोलिअस टाचेत दुखवतो.

नकाशा पाठ केला म्हणजे मात्र झालं नाही. दाबल्यावर विचारायचं, “हीच का तुमची नेहमीची कळ?” ‘दुखतंय’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण जोराने दाबलं तर कुणालाही कुठेही दुखेल. ‘हीच ती’ असं उत्तर आलं तरच तिथे काम करा.

जोर म्हणजे काम, असं समजणं

शून्य ते दहाच्या मापात विचारा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. पाच-सहावर थांबा. चेहरा बघा: ओठ आवळले, श्वास धरला, पायाची बोटं आखडली की तोंडाने माणूस काहीही म्हणो, तुम्ही जास्त दाबताय. आपल्याकडे माणसं संकोचाने ‘चालू द्या’ म्हणतात. विशेषतः काका लोक. तालमीत वाढलेला तर कधीच ‘नको’ म्हणणार नाही.

दाब हळूहळू वाढवा, पट्टी बोटाखाली लागली की थांबा आणि हलू नका. तीसेक सेकंदांत तिथलं मांस जरा मऊ पडल्यासारखं वाटतं आणि समोरचा म्हणतो, ‘आता कमी झालं’. मग जरा आत जा, पुन्हा थांबा. एका जागी दीड मिनिटाच्या वर बसू नका. एका स्नायूत दोन-तीन जागा पुष्कळ झाल्या. बोटाखालचं मांस उलट जास्तच कडक होत असेल तर तो स्नायू तुमच्या हातापासून स्वतःला वाचवतोय. तिथे हट्ट केला तर दुसऱ्या दिवशी मान आखडलेली मिळते.

एका गृहस्थांच्या बाबतीत माझ्या हातून हेच झालं. वीस मिनिटं मी त्यांच्या मानेच्या एकाच जागेवर लागून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांना मान वळवता येईना आणि त्वचेवर काळानिळा डाग उठला होता. नंतर कळलं की ते रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. मी विचारलंच नव्हतं.

विचारायचं राहून जाणं

म्हणून आता माझ्याकडे पाचेक मिनिटं आधी बोलण्यात जातात. गोळ्या कोणत्या, हे पहिलं. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अगदी रोजची अ‍ॅस्पिरिन असली तरी खोल दाब नाही. साखर किती वर्षांची, हेही. जुन्या मधुमेहात पायाला नीट जाणवत नाही, म्हणजे ‘पाच’ हे त्यांचं उत्तर खरं पाच असेलच असं नाही. वयस्कर बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. त्यांच्या बरगड्यांवर कोपर टेकवायचा विचारही करू नका.

आणि काही दुखणी मालिशची नसतातच. ती ओळखता येणं हे आपल्या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे, असं मी मनापासून मानतो.

एकाच पोटरीला सूज, ती गरम, दाबलं तर दुखतं, आणि माणूस नुकताच ऑपरेशनमधून उठलाय किंवा लांबचा प्रवास करून आलाय: हात लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. कंबर दुखतेय आणि सोबत लघवी अडकतेय, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आलाय: तडक दवाखाना, उद्यावर ढकलू नका. पाठ रात्री जास्त ठणकते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय: आपल्याकडे मणक्याचा क्षय काही दुर्मिळ नाही आणि कॅन्सरही असा सुरू होऊ शकतो. डाव्या खांद्यात-हातात कळ, सोबत घाम, छातीत दाटल्यासारखं: तिथे नकाशा आठवत बसायचं नाही, ताबडतोब दवाखान्यात पोचवायचं.

हाताखालच्या काही जागाही सोडून द्यायच्या. गुडघ्याची मागची खळगी, जांघ, काखेचा खोल भाग, गळ्याची पुढची बाजू. मानेच्या बाजूचा जाड स्नायू, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, हा दाबायचा नसतो. तो दोन बोटांत हलकेच उचलून धरायचा, एका वेळी एकच बाजू. बोटाखाली नाडी उडताना जाणवली की जागा सोडा. आणि केस कापल्यावर काही सलूनमध्ये मान कडकन मोडतात, तसं तर कधीच करू नका. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

तेल ओतून ट्रिगर पॉइंट शोधणं

अभ्यंगाला तेल भरपूर हवं. इथे मात्र बोट घसरलं की पट्टी सापडत नाही. आधी कोरड्या हाताने किंवा पातळ कापडावरून शोधा, तेल शेवटी.

‘त्या वेळी बरं वाटलं, परत दुखायला लागलं’

ही तक्रार शिकाऊ मंडळींकडून सगळ्यात जास्त ऐकतो. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. दाबून झाल्यावर तो स्नायू ताणून घेतलेला नसतो आणि माणसाकडून तो सांधा पूर्ण फिरवून घेतलेला नसतो. दाब सोडल्यावर तीन-चार वेळा संथ, पूर्ण हालचाल करून घ्या. दुसरं कारण आपल्या टेबलाच्या बाहेर असतं. शिंपीमास्तरांचा खांदा टिकाऊ सुटला तो त्यांनी मशीनची खुर्ची दोन इंच उंच केली आणि दर अर्ध्या तासाने उठायला लागले तेव्हा. मी कितीही दाबलं असतं तरी रोजचे आठ तास ओणवं बसणं माझ्या वीस मिनिटांना भारी पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर? व्यायाम केल्यावर दुखतं तसं एक-दोन दिवस दुखणं चालेल, हे आधीच सांगून ठेवा. त्याहून जास्त टिकलं तर दाब जास्त झाला, पुढच्या वेळी निम्म्यावर या आणि मध्ये काही दिवस जाऊ द्या. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. फार जबरदस्त मालिशीने स्नायूंची इजा होऊन मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. हे क्वचित होतं, पण होतं. आणि तीन-चार वेळा करूनही कणभर फरक नसेल तर पैसे घेत राहू नका, फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा.

ऐकीव कारणं सांगणं

‘गाठ फोडली’, ‘शीर मोकळी केली’, ‘विषारी द्रव्यं बाहेर काढली’. गिऱ्हाईकाला हे आवडतं, पण हे खरं नाही. बोटाखाली कट् कट् होतं ते काही फुटत नाही, स्नायूची पट्टी बोटाखालून सरकते. लॅक्टिक अ‍ॅसिड व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच निपटतं, त्याला आपली गरज नाही. मांडीच्या बाहेरचं जाड आवरण हाताने ‘लांबवता’ येतं असंही सांगतात, पण त्याला इतकी ताकद लागेल की तेवढा जोर हाताने लावणंच शक्य नाही. खुद्द ट्रिगर पॉइंटबद्दलही जाणकारांत वाद आहेत. एकाच माणसाला दोघांनी तपासलं तर दोघांना एकच जागा सापडेल असं नाही. मग काय सांगायचं? ‘इथे दाबल्यावर तुमची नेहमीची कळ उठते, थोडा वेळ धरल्यावर ती कमी होते, आता हालचाल करून बघू.’ एवढं खरं आहे आणि एवढं पुरतं. ‘तुमची डिस्क सरकली आहे’ हे सांगणं आपलं काम नाही.

स्वतःचा अंगठा संपवणं

दिवसाला पाच-सहा माणसं अंगठ्याने दाबली तर दोन-तीन वर्षांत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं, बरणीचं झाकण उघडवत नाही. माझ्या बरोबरीच्या दोघांना याच कारणाने धंदा सोडावा लागला. अंगठा शोधायला वापरा, दाबायला नको. सापडलं की बोटांची पेरं, मूठ किंवा कोपर त्या जागी आणा. कोपर टोकाने नाही, त्याच्या जरा पुढच्या सपाट भागाने. टेबल इतकं ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला तर मूठ टेबलाला टेकेल. मग खांद्याने ढकलावं लागत नाही, एक पाय मागे घेऊन अंग पुढे झुकवलं की वजन आपसूक उतरतं. अंगठा वापरायचाच असेल तर तो सरळ धरून बाकीची बोटं वळवून त्याला टेका द्या. मुळाशी दुखायला लागलं की दोन दिवस त्या हाताने फक्त तळव्याचं काम करा.