विंटेज ड्रेस घेताय? आधी टेप काढा, लेबल नंतर बघा

जुन्या काळातला ड्रेस घ्यायचा म्हटलं की बहुतेक जणी आधी लेबलवरचा साइज बघतात आणि तिथेच फसतात. तो आकडा विसरून जा, अगदी खरंच. अमेरिकेत सिअर्स या मोठ्या दुकानाच्या 1937 च्या कॅटलॉगमध्ये 32 इंच छातीचा ड्रेस साइज 14 होता, 1967 ला तीच छाती साइज 8 मध्ये गेली आणि 2011 पर्यंत साइज 0 झाली. छाती तेवढीच, आकडा मात्र घसरत आला. त्यामुळे आज 10 घालणारी बाई पन्नासच्या दशकातला 10 उचलते, तो कंबरेत बंदच होत नाही आणि तिला वाटतं आपणच सुटलोय. तसं काही नसतं हो.

मग करायचं काय, तर स्वतःची मापं लिहून फोनमध्ये ठेवायची. छाती, कंबर, हिप आणि खांदा ही तर हवीतच, पण जे माप कुणी घेत नाही आणि ज्याच्यामुळे निम्मे ड्रेस बिघडतात ते म्हणजे मानेच्या मागच्या उंचवट्यापासून कंबरेपर्यंतची पाठीची लांबी. कंबरेला एक दोरी बांधा, थोडं इकडेतिकडे वाका, दोरी आपोआप जिथे बसते ती तुमची खरी कंबर, तिथपर्यंत मोजा. जुन्या ड्रेसची कंबर बऱ्याचदा आखूड आणि वर असते, म्हणजे घेर बरोबर असला तरी कंबरेची शिवण बरगड्यांवर येऊन बसते आणि पुढून सगळं वर ओढल्यासारखं दिसतं. हे माप जुळलं की ड्रेस जणू तुमच्यासाठीच शिवलाय असा बसतो. आणखी एक, ऑनलाइन विकणारे बऱ्याचदा कपडा सपाट ठेवून एका बाजूचं माप देतात, ते दुप्पट करायचं, आणि शंका असेल तर सरळ विचारायचं.

आता अंगाच्या मापाएवढाच ड्रेस घेतला तर तोही नाही चालत, कारण कापड ताणलं जात नाही. स्पँडेक्स, म्हणजे कापडाला ताण देणारा धागा, निघाला 1958 मध्ये, ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सनी तो काढला, आणि रोजच्या ड्रेसांमध्ये यायला पुढे बराच काळ गेला. म्हणून न ताणणाऱ्या कापडात छातीला साधारण 2 इंच, कंबरेला 1 आणि हिपला 2-3 इंच सैल हवंच. घालून बघता आलं तर बसा, हात पुढे करून स्वतःला मिठी मारा, पाठीत करकचलं की ठेवून द्या. आणि हो, पन्नासच्या दशकातले फिटिंगचे ड्रेस आत गर्डल, म्हणजे पोट-कंबर आवळणारा आतला कपडा, घालून घालायचे म्हणून कापलेले असायचे, तेव्हा आतले कपडे कुठले घालणार ते ठरवून त्यांच्यावरच माप घ्या, नाहीतर छातीचे टक भलतीकडेच जातात.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही हे माहीत असलं की निवडणं सोपं. लांबी, कंबर, बाजूच्या शिवणी, हे शिंपी आरामात करतो. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडते ती जागा, मात्र हात लावण्यासारखे नाहीत, तिथे अडलं तर ड्रेस कितीही सुंदर असो, सोडा. सैल असलेला आत घेता येतो, पण घट्ट असलेला मोठा करायचा तर आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, हवी, म्हणून ड्रेस उलटा करून शिवणी बघायच्याच. जुन्या चांगल्या शिवणकामात कधीकधी दोन्हीकडे इंच इंच माया सापडते, तेवढ्यात बरंच काम होतं. फक्त उसवल्यावर जुन्या टिपेची भोकं आणि रंगातला फरक दिसू शकतो, गडद कापडात जास्त.

दशक निवडताना आपल्या अंगाचा विचार करा. कंबर बारीक, हिप भरलेले असतील तर 1947 च्या फेब्रुवारीत फ्रेंच डिझायनर क्रिस्तियाँ दिओरने जो न्यू लुक आणला त्या धाटणीचे ड्रेस, म्हणजे बारीक कंबर आणि खाली भरपूर घेर, मला तरी सगळ्यात छान वाटतात, हिप घेरात सामावतात. अंग सरळ असेल तर 1920 च्या दशकातले खाली उतरलेल्या कंबरेचे किंवा साठच्या दशकातले शिफ्ट, म्हणजे कंबरेला न आवळणारे सरळ ड्रेस. खांदे अरुंद असतील तर चाळीस किंवा ऐंशीच्या दशकातले पॅडवाले. 1930 च्या दशकातला उरेब कापाचा, म्हणजे कापड तिरकं कापून शिवलेला ड्रेस, ज्यात फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओनेचं नाव घेतात, अंगावरून पाण्यासारखा उतरतो पण पोटाची प्रत्येक घडी दाखवतो, हे लक्षात ठेवूनच घ्या. वजन कमीजास्त होत असेल तर 1974 ला डिझायनर डायन फॉन फर्स्टनबर्गने लोकप्रिय केलेला रॅप ड्रेस, तो बांधायचा असतो म्हणून चालून जातो.

घेण्याआधी ड्रेस उजेडासमोर धरा, विरलेलं कापड आणि कसरीची भोकं लगेच दिसतात. काखेखाली नाक आणि डोळे दोन्ही लावा, घामाने कडक झालेलं कापड धुवून परत येत नाही. जुन्या सिल्कला हळूच चिमटीत धरून बघा, बारीक चिरा पडत असतील तर तो ड्रेस शिवून टिकणार नाही. चेन बऱ्याचदा धातूची आणि बाजूला असते, ती अडत असेल तर जोर लावू नका.

शिंप्याकडे दिलात तर एक गोष्ट बजावून सांगा, जास्तीचं कापड कापायचं नाही, आत दुमडून टाके घालायचे, म्हणजे पुढे हवं तेव्हा सैल करता येतं.