भरतीचं ग्राउंड: पळताना शक्ती कुठून येते आणि ती वाढवायची कशी

गुहागरच्या किनाऱ्यावर मी पोलीस भरतीच्या मुलामुलींना पळवते. नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा १६०० मीटरची पहिली फेरी जीव तोडून पळतो, दुसरीत ढेपाळतो आणि तिसरीत म्हणतो, "मॅडम, पाय उचलतच नाय." घरचे म्हणतात, पोरात दम नाही. दम असतो. शरीर तीन रीतींनी शक्ती तयार करतं, आणि त्यातली कुठली कधी वापरायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

स्नायू चालतो तो एटीपी नावाच्या रेणूवर. भात खा, मासे खा, शेवटी त्यातून एटीपीच बनावा लागतो. स्नायूत त्याचा तयार साठा जेमतेम दोनेक सेकंदांचा, त्यामुळे पळता पळताच तो सतत नव्याने बनत राहतो.

पहिली रीत फॉस्फोक्रिएटिनची. हा पदार्थ स्नायूतच साठलेला असतो, एटीपी क्षणात भरून देतो, पण पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. भरतीच्या चाचणीतली गोळाफेक जवळजवळ पूर्णपणे यावर, १०० मीटरचा मोठा भागही यावरच. संपलेला साठा अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो; पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. म्हणून वेग वाढवायचा असेल तर ३०-४० मीटर जीव खाऊन पळा आणि मग तीन मिनिटं चाला. हे चालणं मुलांना जड जातं, वेळ फुकट जातोय असं वाटतं. पण धापा टाकत एकामागून एक मारलेल्या स्प्रिंटनी वेग वाढत नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून तुम्ही पूर्ण वेगाने पळतच नसता. गोळ्याचंही तसंच: दोन फेकींमध्ये थांबा. गावातल्या पाखाडीच्या पायऱ्या सहा-सात सेकंद उड्या मारत चढणं हा पायांच्या ताकदीसाठी फार चांगला व्यायाम आहे. उतरताना मात्र सावकाश, आणि पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की पाखाडी बंद.

दुसरी रीत: स्नायूतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ऑक्सिजनविना भराभर फोडायची. काम लवकर होतं, पण एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन-तीन एटीपी हाती लागतात. सोबत लॅक्टेट तयार होतं, स्नायूतली आम्लता वाढते आणि मांड्या पेटतात. लॅक्टेटवर मात्र उगाच आळ येतो. दुसऱ्या दिवशी पाय ठणकतात ते त्याच्यामुळे नाही. ते तासाभरात निघून जातं, आणि हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. ठणका येतो तो स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, विशेषतः उतारावर पळल्यावर. जोरात पळून झाल्यावर लगेच वाळूत आडवं पडू नका, दहा मिनिटं चाला; लॅक्टेट लवकर ओसरतं. मुलींच्या ८०० मीटरला ही रीत बरीच लागते. त्यासाठी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, ३००-४०० मीटरच्या चार-पाच जोरकस फेऱ्या आणि मध्ये चार मिनिटं विश्रांती. रोज नको. रोज केल्यावर आठवड्याभरात पोरं कोमेजतात, हे मी डोळ्यांनी पाहते.

आता तिसरी, आणि माझं सगळं सांगणं हिच्यासाठी आहे. ऑक्सिजन वापरून स्नायूच्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशींतल्या शक्ती बनवणाऱ्या सूक्ष्म भट्ट्यांत, साखर आणि चरबी पूर्ण जाळायची. त्याच एका ग्लुकोजमधून इथे तीसेक एटीपी मिळतात. १६०० मीटरला लागणाऱ्या शक्तीपैकी ८० टक्क्यांच्या आसपास शक्ती इथून येते, ८०० मीटरलाही निम्म्याहून जास्त. तरी मुलं हिचाच सराव टाळतात, कारण तो हळू असतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस पळा. काही आठवड्यांत स्नायूत तंतुकणिका वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. हाच दमसास.

ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर पळा. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशीच वेळ बघून ठेवा. कोरड्या वाळूत त्याच वेगाला दीडपटीहून जास्त शक्ती लागते. तिथे थोडंच पळा. किनारा उतरता असतो, म्हणून एका दिशेला, समजा वरच्या पाट वस्तीकडे, जितकं गेलात तितकंच परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार येतो. समुद्राला भरती असेल तर सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळी पठारावरचा, सपाट रस्ता बरा.

वेगाचा हिशोब असा. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण ५ मिनिटं १० सेकंदांत मिळतात, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पहिली फेरी ६५ सेकंदांत मारलीत, तर दुसरी रीत सुरुवातीलाच खर्च होते आणि उरलेल्या तीन फेऱ्या आम्लतेशी झगडण्यात जातात. पहिल्या तीन फेऱ्या सारख्या ठेवा, जोर चौथीला लावा.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाच मिनिटांच्या धावेत ग्लायकोजेन संपत नाही, तेव्हा महागडी एनर्जी ड्रिंक घ्यायची गरज नाही. रोजच्या सरावाने साठा उतरतो, तो रात्रीच्या भात-आमटीने, भाकरीने भरतो. यकृतातला साठा रात्रभरात घटतो, म्हणून धावेच्या दोन तास आधी मीठ घालून उकड्या तांदळाची पेज प्या. फॉस्फोक्रिएटिन ज्यापासून बनतं ते क्रिएटिन शरीर स्वतः बनवतं, शिवाय ते माशांतून मिळतं. त्याच्या पावडरीचे डबे विकत घेण्याआधी ताटातला बांगडा संपवा. स्नायू जाळतात त्यातली तीन-चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन जाते, आणि आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापतच राहतं. मार्चनंतर लांब धाव उजाडायच्या आत उरका, नंतर मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या. चक्कर, शहारे किंवा उलटीची भावना आली तर तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता.

ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, दिवशी चेस्ट नंबर लावून तासन्‌तास ताटकळावं लागतं. ऑक्सिजनची रीत ओल्या लाकडाच्या चुलीसारखी, पेटायला दोन-तीन मिनिटं घेते. आपली बॅच पुकारायच्या सुमारास दहा मिनिटं हळू पळा, ६०-७० मीटरच्या दोन-तीन वेगवान धावा काढा आणि शिट्टी होईपर्यंत जागच्या जागी पाय हलवत राहा.