आकडे आणि अक्षरं यांना माणसं करायचं कसं, माझी पद्धत

काही लोकांना लहानपणापासून आपोआपच वाटत असतं की ४ हा शांत मुलगा आहे, ८ म्हणजे खमकी बाई आहे, वगैरे. त्यांनी हे ठरवलेलं नसतं, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा विचारलं तरी उत्तर बहुतेक तेच येतं. सिनेस्थेशिया म्हणजे एक गोष्ट बघितली किंवा ऐकली की तिच्यासोबत दुसरीच जाणीव आपोआप जागी होणं, त्याचाच हा एक प्रकार आहे. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूर्न्वा यांनी १८९३ मध्येच अशा लोकांबद्दल लिहून ठेवलंय, पुढे २००७ मध्ये ज्युलिया सिम्नर आणि एमा होलेनस्टाइन यांनी त्यावर नीट अभ्यास केला. हा आजार नाही, त्यामुळे घरातलं पोरगं असं काही बोललं तर प्लीज त्याला गप्प करू नका.

बाकीच्यांना हे मुद्दाम शिकता येतं आणि शिकावंच असं मला मनापासून वाटतं, कारण आकडा विसरतो पण माणूस सहसा विसरत नाही. रशियात सोलोमन शेरेशेव्हस्की नावाचा अफाट स्मरणशक्तीचा माणूस होता, मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला ८७ म्हटलं की एक जाडी बाई आणि तिच्याशेजारी मिशीला पीळ देणारा माणूस असे दोघं दिसायचे.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. कोरा कागद घ्या आणि १ ते ९ हाताने मोठे मोठे लिहा, टाइप करू नका, हात वळतो तेव्हाच आकार कळतो. आणि स्वभाव लगेच चिकटवायला जाऊ नका, आधी फक्त बघा की हा कुठे तोंड करून उभा आहे. ३ डावीकडे बघतो, ६ उजवीकडे. म्हणून तर ३६ लिहिलं की दोघांची पाठीला पाठ लागते आणि आपण ज्यांचं पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, तेच उलटं ६३ लिहा, दोघं समोरासमोर येऊन बोलायला लागतात! लहान मुलं ३ आणि ६ उलटे काढतात ना, त्यांना "हा कुणीकडे बघतो गं?" एवढं विचारा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आकारानंतर वागणूक बघायची, आणि खरी मजा इथेच आहे. १ ते १० मध्ये ७ बघा, १ सोडला तर त्याला दुसऱ्या कुणाने भाग जात नाही आणि त्याची दुप्पट थेट १४, म्हणजे दहाच्या आत त्याचं नात्यातलं कुणीच नाही, म्हणून माझा ७ एकटा राहणारा, मोजकं बोलणारा काका आहे. ९ कशानेही गुणा, १८, २७, ३६, ४५, उत्तरातल्या अंकांची बेरीज करत गेलं की परत ९ च येते, ती माझ्याकडे कुठेही गेली तरी स्वतःचं म्हणणं न सोडणारी आत्या आहे. देवळालीचे द. रा. कापरेकर शाळेत शिकवायचे, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. १८ घ्या, १ अधिक ८ नऊ, नवाने अठराला भाग जातो. आकड्याशी इतक्या जवळून ओळख असेल तरच असं नाव सुचतं.

तुमचा ७ माझ्यापेक्षा वेगळा असेल तर उत्तमच, माझा उचलू नका. उसना स्वभाव लक्षात राहत नाही.

अक्षरांचंही तसंच, फक्त इथे वागणूक अजून जास्त दिसते. र बघा. 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर जाऊन बसतो, 'चक्र' मध्ये पायाशी तिरका टेकतो, 'ट्रक' मध्ये ट च्या खाली दोन पाय होऊन उभा राहतो आणि 'वाऱ्यावर' मध्ये तर डोळ्याच्या पापणीसारखा होतो. असं माणूस प्रत्येक घरात एक असतं, जिथे जाईल तिथलं होऊन जाणारं, माझ्यासाठी र म्हणजे तेच. त, प, ग आपली उभी दांडी सोडून शेजाऱ्याला खेटून बसतात, पण ट, ठ, ड, ढ यांना दांडीच नाही, मग पाय मोडल्याशिवाय ते सहसा जोडले जात नाहीत, हट्टी भावंडं आहेत ती. आणि ळ! शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही, कायम कुणाच्या तरी मागे, पण बाळ, डोळे, जिव्हाळा यांच्यातून तिला काढा बघू.

वापर कसा करायचा त्याचं एकच उदाहरण देते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. माझा १ म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा दादा, ६ म्हणजे रुसकी काकू आणि ४ दोन्ही हात वर केलेला मदतीला धावणारा मुलगा. दादा पुढे निघालाय, काकू शिडीच्या खाली फुगून उभी, मधे ४ ने शिडी धरलीय आणि वर परत काकूच, कारण ती शेवटी चढली. कळसूबाईला लोखंडी शिड्या खरंच आहेत म्हणून चित्र पक्कं बसलं. तुम्हीही त्या जागेतली एखादी खरी गोष्ट घ्याच. पाढ्यात अडलं तर सात आठे छप्पन्न बघा, ५, ६, ७, ८ चौघं ओळीने उभे आहेत, पुढचे दोघं उत्तर आणि मागचे दोघं प्रश्न.

एकदा ठरलेला स्वभाव बदलू नका, नाहीतर सगळी गोष्ट विस्कटते. महिन्याभराने जुना कागद न बघता सगळ्यांबद्दल परत लिहा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जे जुळले ते पक्के झाले. जे जुळले नाहीत ते आकडे पुन्हा हाताने काढा, त्यांच्या पाढ्यातून फिरा, आणि मगच नवीन माणूस शोधा.

मुलांबरोबर करत असाल तर पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि ५ वाईट आहे म्हणाली तर "का गं, काय केलं त्याने?" असं विचारा, लांबलचक गोष्ट ऐकायला मिळेल.