शाळेचा सौर दिवा ऐनवेळी का पेटत नाही? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची गडबड सुरू होते आणि सौर दिव्याचे प्रकल्प माझ्या टेबलावर येऊ लागतात. मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतो, त्यामुळे ‘पेटत नाही’ एवढंच सांगून पालक ते पुढ्यात ठेवतात. थर्माकोलचं घर, पुढे हिरवं गवत, छपरावर पॅनेल, सगळं सुबक. उघडून बघावं तर दरवर्षी त्याच चुका. पोरांचा यात दोष नसतो, घाई मोठ्यांची असते. आधी दिवा पेटवा, देखावा मागाहून करा.

ट्यूबलाइटखाली पॅनेल तपासणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि पैसेही हीच खाते. जुळे सोलापूरचे एक गृहस्थ प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आले. सोबत सातवीतली मुलगी, डोळे रडून लाल. सहा व्होल्टचं पॅनेल, त्याला पांढरा एलईडी जोडलेला, आणि तो काही केल्या लागेना. त्यांनी मल्टीमीटर लावून दाखवलं, ‘‘बघा की ओ, व्होल्ट तर येतायत!’’ आकडा खरंच तीनच्या वर होता. आधी एलईडी खराब समजून त्यांनी तो बदलला होता, मग पॅनेल खराब समजून दुप्पट मोठं, महागडं पॅनेल आणलं होतं. सगळी तपासणी घरात, दिवे लावून.

भर दुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). खोलीतला उजेड दोनशे ते पाचशे लक्स. पॅनेलचा करंट उजेडाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे उन्हात १०० मिलीअँपियर देणारं पॅनेल ट्यूबलाइटखाली अर्धा मिलीअँपियर देतानाही दमतं. व्होल्टेज मात्र तेवढं पडत नाही. शिवाय मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि माणूस फसतो.

मी रात्रीतून तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल माझ्या चार्जरवर भरून दिले, कारण प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ऊन येत नाही. सकाळी त्यांनी जुनंच पॅनेल गच्चीवर धरलं, तर ते ठणठणीत होतं.

माझी पद्धत अशी: पॅनेल उन्हात ठेवायचं, मीटर डीसी करंटवर टाकायचा आणि थेट पॅनेलच्या दोन तारांना लावायचा. एवढ्याशा पॅनेलला त्याने काही होत नाही. सेलला मात्र मीटर असा कधीही लावू नका.

पॅनेलवर सजावट चढवणं

अक्कलकोट रोडच्या एका मुलाने छपराला चमकीची पट्टी लावली होती. पट्टी पॅनेलच्या कडेवर जेमतेम बोटभर आलेली, पण तिच्याखाली पॅनेलचा एक अख्खा सेल झाकला गेला होता. पॅनेलवर ज्या उभ्या पट्ट्या दिसतात ते वेगवेगळे सेल असतात, एकामागे एक जोडलेले. त्यातला एक झाकला की सगळ्यांचा करंट अडतो. ‘‘थोडंसंच तर झाकलंय,’’ असं त्याचे वडील म्हणत होते. पट्टी काढताच आतले पेन्सिल सेल चार्ज होऊ लागले. नावाची चिठ्ठी, शाळेचं लेबल, फेविकॉलचा ओघळ, यातलं काहीही पॅनेलवर नको. सजवायला भिंती आहेत.

सेल, डायोड आणि रेझिस्टर

एलईडी थेट पॅनेलला जोडला तर दिवा दिवसा पेटतो आणि अंधारात विझतो. रिचार्जेबल सेल हवाच. तीन निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की ३.६ व्होल्ट मिळतात, पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१ लागतात. मधे करंटला आवर घालणारा ४७ ओहमचा रेझिस्टर टाका, सेल पूर्ण भरलेले असताना करंट २० मिलीअँपियरच्या आसपास राहतो. ‘रेझिस्टरशिवाय जास्त उजेड पडतो’ हे मी ऐकूनच घेत नाही. पडतो, आणि एलईडी जळतो.

पॅनेल आणि सेलच्या मधे एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, त्याची चंदेरी पट्टी सेलच्या प्लसकडे. तो नसेल तर रात्री सेल पॅनेलमधून उलटे रिकामे होतात.

१२०० मिलीअँपियर-तासांचे सेल १०० मिलीअँपियरच्या पॅनेलवर एका दिवसात भरत नाहीत. चांगलं ऊन चार-पाच तास धरा, म्हणजे फार तर ४००-५०० मिलीअँपियर-तास. एका एलईडीला एका संध्याकाळसाठी ते भरपूर आहे, पण गच्चीवर तासभर ठेवून ‘चार्ज झालं’ म्हणू नका.

जुन्या मोबाइलची बॅटरी थेट पॅनेलला कधीही जोडू नका. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला की फुगतो, पेटही घेतो. पोरांच्या प्रकल्पात मी तो वापरूच देत नाही.

बारीकसारीक

एलईडीचा लांब पाय प्लस. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावू नका, सोल्डर करा. सोल्डरचा टाका खडबडीत, मळकट दिसला तर तो ड्राय म्हणजे कच्चा आहे, पुन्हा तापवा.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे ठेवा. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो, म्हणून प्रदर्शनाच्या दिवसांत पॅनेल चाळीसेक अंश कललेलं बरं. मे महिन्यात ते तापलेल्या पत्र्यावर चिकटवू नका. पॅनेल तापलं की व्होल्टेज घटतं आणि खालच्या बंद डबीत सेल शिजतात.

अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा पहिल्याच दिवशी हवा असतो सगळ्यांना. आधी साध्या बटणावर चालवा, चार रात्री बघा, मगच आपोआप चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर घ्या.

आणि सोल्डरिंग मुलालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. परीक्षक ‘हा डायोड कशाला?’ विचारतात तेव्हा पोर आईकडे बघतं, ते मला बघवत नाही. प्रदर्शनाला जाताना सेल आदल्या दिवशीच भरा, आणि दप्तरात एक जादा एलईडी न् ४७ ओहमचा रेझिस्टर टाका.