सड्यावरची सायकल: गोव्यात गाड्यांची कटकट टाळून ग्रॅव्हल राइड कशी करायची

गोव्यात सायकल घेऊन निघायचं म्हटलं की सगळे बीचरोडला जातात आणि रेंटच्या स्कूटरवाल्यांचे हॉर्न ऐकत परत येतात. मला विचाराल तर ग्रॅव्हल राइड करा, म्हणजे डांबरी सोडून कच्च्या वाटांवर सायकल, आणि त्यासाठी सरळ सडा गाठा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पेडण्या-बार्देशापासून खाली केपे-सांग्यापर्यंत ठिकठिकाणी असे सडे आहेत, वर ना घर ना दुकान, नुसतं गवत, वारा आणि गुरांच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या लाल वाटा. इंग्लंडमध्ये डार्टमूरसारख्या माळरानांवर लोक ग्रॅव्हल बाइक चालवतात, तसंच मोकळं आभाळ आपल्याकडे सड्यावर मिळतं. पण तिकडेही ठरवून दिलेल्या वाटा सोडून मोकळ्या माळावर सायकल घालायला परवानगी नाही, आणि आपल्याकडे असा बोर्ड कुठे लावलेला नसला तरी हाच नियम पाळायचा, का ते पुढे सांगतो.

आधी सीझन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. सकाळी उजाडता उजाडता निघायचं, पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पॉं पॉं करत येतो ती वेळ, त्याच्याकडूनच दोन पोय (गोव्याचे पाव) घेऊन बॅगेत टाकायचे आणि दहाच्या आत सड्यावरून खाली उतरायचं, कारण वर सावली अजिबात नाही आणि जांभा तापला की खालूनही भाजतं. पाणी माणशी दोन लिटर, त्याहून कमी नको.

पावसाळ्यात मी सायकल खाली रस्त्यालाच लावतो आणि वर चालत जातो, तेही दगडावर पाय ठेवत. जून ते सप्टेंबर या काळात सड्यावर मातीचा जो पातळसा थर असतो, कुठे कुठे बोटभर सुद्धा नाही, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी झाडं उगवतात, यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे खाऊन जगतात कारण त्या मातीत खायला फारसं काही नसतंच. त्या ओल्या मातीतून एक टायर गेला की चर पडतो, चरातून पाणी वाहतं, पाण्याबरोबर माती जाते आणि खाली उरतो नुसता कातळ. लोक सड्याला पडीक जमीन म्हणतात ना, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. ऑगस्टमध्ये एकदा वर येऊन गुडघ्यावर बसून बघा म्हणावं. शिवाय पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाच टायर पकड घेत नाही, म्हणजे तुमच्या हाडांसाठी पण हेच बरं.

म्हणून मुख्य नियम एकच, चाक आधी जिथे पडलंय तिथेच चाक घाला. वाटेत डबकं आलं तर बाजूच्या गवतातून वळसा घालू नका, सायकल उचला आणि दगडावरून पलीकडे जा.

मार्चनंतर अजून एक गोष्ट. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, घरटं म्हणजे नुसते चार खडे, अंडी खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली म्हणजे तुम्ही घरट्याजवळ आहात, थांबा, आलात तसेच मागे फिरा. फोटोसाठी शोधत बसू नका, तेवढ्या वेळात उन्हात अंडी तापतात.

आता धोक्याचं. सड्यावरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या, जुन्या खाणी. चिरे काढताना दगड सरळ उभा कापतात त्यामुळे कडा भिंतीसारखी असते, खाण बंद पडली की तिच्या काठावर गवत वाढतं आणि लांबून सगळं सपाट दिसतं. मी एकदा डिसेंबरमध्ये समोरून ऊन डोळ्यावर येत असताना वाट सोडली, शॉर्टकट म्हणून, आणि कडेपासून चार-पाच हातांवर ब्रेक लागला, खाली पावसाचं हिरवं पाणी साचलेलं. त्या दिवसापासून अनोळखी सड्यावर पहिली चक्कर मी हळू मारतो आणि सूर्य पाठीशी राहील अशी मारतो. दुसरं म्हणजे फुरसं हा साप. लहान असतं, दगडाखाली असतं, कातळाच्या रंगात मिसळून जातं आणि विषारी आहे, म्हणून पंक्चर काढायला बसताना आधी जागा नीट बघा आणि दगडाच्या फटीत हात घालू नका.

सायकल महागच पाहिजे असं काही नाही, साधी एमटीबी (माउंटन बाइक) चालते. ग्रॅव्हल बाइक असेल तर टायर ४० मिमीच्या आसपास हवा, ३२ मिमीवर जांभ्याचे कोपरे रिमला लागतात. हवा रोडसारखी टाइट भरू नका, सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असेल तर ४० पीएसआयच्या (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) आसपास आणि ट्यूबलेस असेल तर ३२-३५, मग आपल्या वजनाप्रमाणे कमीजास्त. ट्यूबलेस केलंत तर काट्यांची अर्धी चिंता जाते, पण आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं. एक ट्यूब, पंप आणि पॅच सोबत ठेवाच, वर पंक्चरवाला नाही.

बरेच सडे कोमुनिदादचे (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) नाहीतर कोणाच्या तरी मालकीचे असतात, आणि उतारावर काजूच्या बागा. कोणी भेटलं तर थांबून विचारा, "काका, ही वाट खंय वता?" म्हणजे कुठे जाते, एवढं विचारलं की माणूस वाटही सांगतो, खाण कुठे आहे तेही सांगतो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला गेलात तर सायकल लांब लावा, तिथल्या जांभ्यावर फार जुनी कोरलेली चित्रं आहेत.

नवीन असाल तर एकदम सड्यावर जायची गरज नाही, आधी दिवाडी बेट करा. ओल्ड गोव्याहून फेरीत सायकल घालायची, मांडवी ओलांडली की शेतातले शांत रस्ते, आणि खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध. बांधावर मात्र जपून, मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणारा दरवाजा) दाराजवळ उतरून सायकल हातात धरून चाला, तो बांध फुटला तर खारं पाणी शेतात घुसतं आणि गावकऱ्यांचं पीक जातं. तिकडून नार्व्याची फेरी पकडली की पलीकडे डिचोली तालुक्यात सप्तकोटेश्वर, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ, तिथे सावलीत बसून पोय खायचे आणि परत. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

जंगलच हवं असेल तर काणकोणातलं खोतीगाव अभयारण्य. काणकोणच्या चावडी गावाहून कारवारकडे जाताना हायवे सोडून डावीकडे वळायचं. आतला रस्ता वाड्यांपर्यंत जातो, गाड्या कमी, दोन्ही बाजूंना उंच झाडी, नशीब असेल तर शेकरू दिसतं. इथे गेटवर नोंद आणि फी, आणि डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागायच्या आधी तिथल्या वनरक्षकाला विचारायचंच, नाही म्हणाले तर नाही. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. वाड्यांमधून जाताना स्पीड कमी, पोरं आणि कोंबड्या रस्त्यावरच असतात.

घरी आल्यावर सायकलवर लगेच पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, लाल धूळ बेअरिंगमध्ये जाऊन बसते. आधी कोरड्या ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसा, मग वॅक्सचं ल्यूब, ओल्या तेलावर ती धूळ चिकटून चेन खाऊन टाकते. आणि टायरच्या खाचांतली माती, गवताची कुसळं घरीच काढून कचऱ्यात टाका, रानमोडीसारख्या पसरणाऱ्या तणांचं बी चाकाबरोबर एका सड्यावरून दुसऱ्यावर जायला नको.