शाळेची सूचना घरापर्यंत नेताना: मराठवाड्यातील मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांसाठी

शिक्षण विभागाचे परिपत्रक निघाले की ते जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते. वरच्या प्रत्येक टप्प्यावर आवक-जावक नोंद होते, पोच घेतली जाते आणि अहवाल वेळेत गेला नाही तर विचारणा होते. शाळेतून घरी जाण्याच्या अखेरच्या टप्प्याला मात्र ना नोंदवही असते ना पोच. ग्रुपवर टाकले, वर्गात मुलांना सांगितले, म्हणजे काम झाले असे धरले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज राहून जाणे, आधारवरचे नाव शेवटपर्यंत न जुळणे, ऊसतोडीला गेलेल्या घरातील लेकरू पटावरून गळणे, या गोष्टींचे मूळ पुष्कळदा याच टप्प्यावर सापडते. हा टप्पा कसा बांधावा, एवढ्यापुरतेच पुढील मार्गदर्शन आहे. ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असले, तरी अनुदानित खाजगी शाळांनाही त्यातील बरेच लागू पडेल.

घराची नोंद आधी

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये जी माहिती भरली जाते, ती मुलाची असते. सूचना पोचवण्यासाठी माहिती लागते ती घराची. म्हणून एक साधी दोनशेपानी वही वेगळी करावी आणि प्रत्येक घराला एक पान द्यावे. त्या पानावर घरात वाचता कोणाला येते, फोन कोणाचा आहे आणि तो दिवसा कोणाजवळ असतो, घरात कोणती बोली बोलली जाते, घर गावठाणात आहे की शेतवस्तीवर की तांड्यावर, आणि आईवडील हंगामात बाहेर जातात का, हे लिहावे. बहुतेक शाळांकडे वडिलांचा एकच क्रमांक असतो आणि तो फोन सकाळी वडिलांबरोबर रानात किंवा कामावर निघून जातो. आईचा, आजीआजोबांचा, किंवा शेजारच्या ज्या घराचा निरोप हमखास पोचतो त्या घराचा क्रमांक त्याखाली असला पाहिजे. रिचार्ज संपला की लोक सिमकार्ड बदलतात, हे लक्षात घेऊन ही वही वर्षातून दोनदा तपासावी, एकदा जुलैअखेर आणि एकदा पोळा झाल्यावर. पोळ्यानंतरची तपासणी का महत्त्वाची, ते पुढे येईल.

ही वही कपाटात कुलपात राहावी. पालकांचे क्रमांक, जातीची नोंद, आधार क्रमांक या गोष्टी कोणत्याही ग्रुपवर, फलकावर किंवा गावातील पुढाऱ्याच्या हाती जाता कामा नयेत.

सूचना कशी लिहावी

परिपत्रकाचा फोटो काढून तसाच पालकांना पाठवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. त्या कागदात संदर्भ क्रमांक असतात, ‘उपरोक्त विषयान्वये’ असते, आणि पालकाने नेमके काय करायचे ते तिसऱ्या पानावर कुठेतरी दडलेले असते. मुख्याध्यापकांनी ते वाचून पालकासाठी नव्याने लिहिले पाहिजे. कोणासाठी, काय, केव्हा, कुठे, सोबत काय आणायचे, पैसे लागतात का, आणि जमले नाही तर काय करायचे, एवढे त्यात आले की पुरे. उदाहरणार्थ, पाच वर्षांच्या आतल्या बाळाचे आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत. मूल पाच वर्षांचे झाल्यावर ते द्यावे लागतात. त्यासाठी शाळेत शिबिर असेल तर सूचना अशी असावी:

“पहिलीच्या लेकरांच्या आईवडिलांना कळवतो की, येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता शाळेत आधारचे काम आहे. तुमच्या लेकराचे आधार लहानपणी काढले आहे, पण त्याच्या बोटांचे ठसे घ्यायचे राहिले आहेत. लेकराला घेऊन घरातील एका मोठ्या माणसाने यावे. लेकराचे आणि स्वतःचे आधार कार्ड आणावे. पैसे लागणार नाहीत. सोमवारी येणे जमत नसेल तर शनिवारपर्यंत वर्गातल्या बाईंना सांगावे, म्हणजे दुसरा दिवस धरता येईल.”

शेवटचे वाक्य गाळू नये. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सोमवार म्हणजे बुडालेली मजुरी असते, आणि दुसरी वाट दिसली नाही की ती शाळेला काहीच न कळवता घरी राहते. ‘उपस्थित न राहिल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य तर कधीच लिहू नये. त्याने कोणी येत नाही, आणि शाळेविषयी मनात अढी मात्र बसते.

संमती मागणाऱ्या सूचनेत अधिक काळजी घ्यावी. अपार, म्हणजे मुलाच्या शिक्षणाची सगळी नोंद एकत्र ठेवणारा ओळख क्रमांक, काढण्यासाठी पालकांची संमती लागते. ती कशासाठी आहे हे तोंडी समजावून सांगितल्याशिवाय फॉर्म मुलांच्या दप्तरातून पाठवून सह्या गोळा करू नयेत.

कोणत्या वाटेने पाठवावी

व्हॉट्सअॅपचा ग्रुप असावा, परंतु त्यावर लिहिण्याची मुभा मुख्याध्यापक आणि एका शिक्षकापुरतीच ठेवावी. सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारण यांच्या गर्दीत कामाची सूचना वर सरकून जाते. लेखी सूचनेबरोबर तीच सूचना बोलून ध्वनिसंदेशाने पाठवावी, कारण वाचता न येणारी आजीही तो ऐकू शकते. जिथे साधे फोन आहेत त्या घरांची यादी वहीतून काढून ती घरे वर्गशिक्षकांनी वाटून घ्यावीत आणि फोन करावेत.

गावात फोनपेक्षा जुन्या आणि अजून पक्क्या वाटाही आहेत. ग्रामपंचायतीच्या किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सांगणे, जिथे दवंडीची रीत टिकून आहे तिथे ती देणे, रेशन दुकानाच्या दारात कागद लावणे, अंगणवाडीताई आणि आशाताईंना सांगून ठेवणे, या सगळ्यांचा उपयोग करावा. महिला बचत गटाची बैठक ही माझ्या मते सर्वांत उत्तम वाट आहे. तिथे आया स्वतः बसलेल्या असतात, हिशेबाची आणि तारखेची त्यांना सवय असते, आणि एकीला कळले की गल्लीला कळते. तिसरीच्या पुढच्या मुलांकडून सूचना वहीत लिहून घेऊन घरच्यांची सही किंवा अंगठा आणायला सांगावे. पहिली-दुसरीच्या मुलांवर निरोप सोपवू नये.

भाषेचा विचार मराठवाड्यात टाळताच येत नाही. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलली जाते. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू आणि उदगीर, निलंगा, उमरग्याकडे कन्नड कानावर येते. उर्दू माध्यमाची शाळा नसलेल्या गावीही उर्दू बोलणारी घरे असतात. मराठी शाळेची लेखी सूचना मराठीतच निघेल, हे ठीक. पण ध्वनिसंदेश तांड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलीकडून गोरमाटीत बोलवून घेतला, तर तो ऐकणाऱ्याला परका वाटत नाही. तांड्यावर सभा घ्यायची असेल तर नाईक आणि कारभारी या तांड्याच्या प्रमुखांना आधी भेटावे.

ऊसतोडीच्या घरांसाठी

बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतील काही तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी उसाच्या फडावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. कार्यालयाचे वर्ष जूनपासून धरले जात असले, तरी या घरांना माहिती देण्याचे खरे वर्ष पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांचे असते. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली आणि निघण्याचा दिवस ठरला, की मग शाळेने काहीही सांगितले तरी उशीर झालेला असतो. म्हणून पोळ्यानंतर वही तपासून जाणाऱ्या घरांची यादी करावी आणि प्रत्येक घरी शिक्षकाने स्वतः जावे. ही भेट ग्रुपवरच्या संदेशाने भागत नाही.

भेटीत तीन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, लेकराला मागे ठेवता येत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाची (आईवडील बाहेर असेपर्यंत लेकरांना गावातच ठेवण्याची) सोय आहे का, जेवण कोण देते, रात्री लेकरू कुठे झोपेल आणि मुलींची काळजी कोण घेईल. आईच्या मनातला खरा प्रश्न शेवटचा असतो. त्याला मोघम उत्तर देऊ नये, जबाबदार व्यक्तीची गाठ घालून द्यावी. दुसरी, लेकरू सोबत जाणार असेल तर त्याचे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिकता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड) भरून आईच्या हाती द्यावे आणि ते कुठे दाखवायचे ते सांगावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 प्रमाणे मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही. हे वाक्य पालकांना पाठ व्हावे इतक्या सोप्या शब्दांत सांगावे, कारण फडाजवळच्या शाळेच्या दारात ते एकटेच उभे असणार आहेत. तिसरी गोष्ट, हंगामात फोन केव्हा उचलता येईल ते विचारून वहीत लिहावे. दिवसभर तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, अशा कामात फोन घेण्याची सवड असते ती संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, चूल पेटल्यावर. त्या वेळी वर्गशिक्षकाने केलेला दोन मिनिटांचा फोन, “लेकरू कोणत्या शाळेत जाते? पुस्तक सोबत आहे का? बोलायला द्या बरं त्याला”, एवढाच असला तरी शाळा आपल्याला विसरलेली नाही हे त्या घराला कळते. आणि मग पट्टा पडल्यावर ते घर परत येते तेव्हा लेकरू शाळेत यायला बुजत नाही.

केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रातील अशा मुलांची एकत्र यादी ठेवून ती ज्या भागातील कारखान्यांकडे जाणार आहेत, तिथल्या केंद्रप्रमुखांशी आधीच बोलावे.

समिती, ग्रामसभा आणि हिशेबाचा फलक

वर सांगितलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य आईवडील किंवा पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. ही समिती गावाला माहिती देण्याची मुख्य वाट व्हावी अशीच रचना आहे, पण इतिवृत्तावर सह्या घरोघरी फिरवल्या जातात तिथे ती वाट बंद पडते. बैठक संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी, ज्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, बाजारातून लोक परतल्यावर घ्यावी. बैठकीत ठरलेले दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावे.

शाळेला किती संयुक्त अनुदान (शाळेच्या खर्चासाठी मिळणारी एकत्रित रक्कम) आले, कशावर खर्च झाले, गणवेश आणि पाठ्यपुस्तके किती आली आणि किती वाटली, या आठवड्यात पोषण आहारात काय शिजणार आहे, हे शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर असावे. आतल्या व्हरांड्यातील फलक गेटला कुलूप लागले की कोणाला दिसत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 प्रमाणे अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करणे अपेक्षितच आहे. हिशेब उघडा असलेल्या शाळेला वर्गणीची वेळ आली तर गाव सढळ हाताने देते.

ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यावा म्हणून ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यावे. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीप्रमाणेच 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहणाला गाव शाळेत जमतेच. त्या वेळी भाषणे आटोपती घेऊन दहा मिनिटे शाळेच्या कामाला द्यावीत. तो दिवस ऊसतोडीची घरे निघण्याच्या आधी येतो, हाही एक मोठा फायदा.

सुट्टी, पाऊस आणि वाईट बातमी

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने जो हाहाकार झाला, त्या वेळी शाळा चालू की बंद हा प्रश्न घरोघरी होता. अशा दिवसांत मागच्या वर्षीचे किंवा दुसऱ्याच जिल्ह्याचे सुट्टीचे आदेश फोनवर फिरू लागतात. त्यावर एकच उपाय आहे. शाळेने ठरलेल्या वेळी, दिनांक आणि वार घालून, रोज एक संदेश द्यावा. शाळा चालू असली तरी द्यावा. ‘उद्या सुट्टी’ असे न लिहिता ‘मंगळवारी सुट्टी’ असे लिहावे आणि तारीख घालावी, म्हणजे तो संदेश दोन दिवसांनी पुढे गेला तरी कोणी फसणार नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुलांच्या घरी मात्र फोनच करावा.

शाळेत मूल पडले, आजारी झाले, तर आधी त्याच्या घरी फोन जाईल आणि मगच इतर कोणाला कळेल, असा नियम सर्व शिक्षकांनी पाळावा. मुलांचे गुण, गैरहजेरी किंवा शिक्षा यांविषयी ग्रुपवर एक अक्षरही लिहू नये. तक्रार पेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे आणि चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक मुलांना आणि पालकांना दोघांनाही सहज दिसेल अशा जागी असावा.

पोचली की नाही

सूचना दिल्यावर दोन दिवसांनी, गावाच्या टोकाच्या घरातील किंवा तांड्यावरच्या एखाद्या आईला विचारावे, “सोमवारी शाळेत काय आहे, माहीत आहे का?” तिला तारीख सांगता आली नाही, तर सूचना कोणत्या वाटेवर अडली ते शोधावे. पालकांनी विचारलेले प्रश्न आणि शाळेने दिलेले उत्तर त्याच वहीत, त्या घराच्या पानावर, तारखेसह लिहावे. उत्तर ‘वरून आदेश आल्यावर सांगतो’ असे असेल तर तेही लिहावे, आणि आदेश आल्यावर त्या पालकाला कळवावे.

बदल्यांच्या वेळी हे सगळे एका दिवसात मोडते. ग्रुप गेलेल्या गुरुजींच्या वैयक्तिक क्रमांकावर असतो, घरांची माहिती त्यांच्या डोक्यात असते, आणि नव्या शिक्षकाला जूनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून ग्रुपचे चालकत्व शाळेच्या नावे घेतलेल्या सिमकार्डावर ठेवावे, समितीच्या अध्यक्षांनाही चालक करावे, आणि कार्यभार देण्याच्या यादीत जनरल रजिस्टर, रोकडवही, साठा रजिस्टर यांच्या ओळीतच घरांची वही आणि सिमकार्ड यांची नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात.